वारं कुठनं हाय

देवणीच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा आहे. त्या फाट्यावर गेल्या वर्षी दोन महिने माझा फ्लेक्स उभा होता. फ्लेक्सवर मी कॅप्टन होतो. खरं तर मी सेकंड इंजिनिअर आहे, म्हणजे जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या गरमीत घाम गाळणारा माणूस. जहाजाच्या सुकाणूला माझा हात कधी लागलेला नाही. पण फ्लेक्स छापणाऱ्याला एवढा फरक कोण सांगणार? वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजावर हे साहेब असतात, एवढं त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने इंटरनेटवरून पांढऱ्या फुगलेल्या शिडांचं एक जुनंपुराणं जहाज उचललं आणि त्याच्यावर माझा पासपोर्टचा फोटो चिकटवला. खाली ‘भूमिपुत्र’ वगैरे, आणि त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हतो.

ती चूक मी दुरुस्त केली नाही. कॅप्टन म्हटलेलं ऐकायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या चुकीची मला आज लाज वाटत नाही. फ्लेक्सवरचं खोटं दुसऱ्याने छापलं होतं. त्यानंतरचं खोटं मी स्वतः बोललो, हातात माईक घेऊन, सगळ्या गावासमोर, आणि माझी माय तिसऱ्या रांगेत बसलेली असताना.

आधी जहाजाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं जहाज माल वाहणारं. कधी कोळसा, कधी गहू, कधी लोखंडाची माती. त्याला शिडं नाहीत. डेकवर चार उंच, गोल, पोकळ खांब आहेत, आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच. हे खांब विजेच्या मोटारीने स्वतःभोवती गरगर फिरतात. क्रिकेटमध्ये फिरकी दिलेला चेंडू हवेत एका बाजूला ओढला जातो, तसंच हे. वारा बाजूने आला की फिरणाऱ्या खांबाच्या एका अंगाने हवा पळते, दुसऱ्या अंगाने अडखळते, आणि खांबाला पुढे ओढ बसते. खांब जहाजाला घट्ट बसवलेले, म्हणून जहाजही पुढे ओढलं जातं. इंजिन बंद होत नाही, पण त्याच्यावरचा भार हलका होतो आणि तेल कमी जळतं. फक्त वारा आडवा हवा. समोरून आला तर उपयोग नाही, पाठीमागून आला तरी फारसा नाही. आणि उजवीकडून आला तर खांब एका दिशेने फिरवायचे, डावीकडून आला तर उलट. वारा कुठून येतो ते एक यंत्र बघतं, कॉम्प्युटरला सांगतं, आणि कॉम्प्युटर खांब फिरवतो.

या जहाजावर येण्याआधी मी दहा-बारा वर्षं साध्या जहाजांवर काम केलं. तेवढ्या वर्षांत मी नेमकं काय करतो हे मायला कधी समजलं नाही. नांदेडला मेकॅनिकलची डिग्री केली, मग वर्षभराचं जहाजाचं प्रशिक्षण घेतलं, परदेशी कंपनीत लागलो, हे तिला माहीत होतं. कुणी विचारलं तर ती सांगायची, “पोरगं बोटीच्या इंजिनाला तेल पाजतंय.” ते फारसं चूक नव्हतं. पण या जहाजावर आलो, व्हिडिओ कॉलवर तिला ते खांब दाखवले, वारा आडवा लागतो म्हणून सांगितलं, आणि ती एकदम सरसावून बसली.

“आडवंच लागतंय की वारं,” ती म्हणाली. “तोंडावर घेतलं तर भुसा डोळ्यांत जातंय.”

माझी माय उपणायची. वडील लवकर गेले, आम्हाला जमीन नव्हती, आणि मालकांच्या खळ्यावर ज्वारी, तूर, मूग, जे काही मळलं जाईल ते वाऱ्यावर धरून दाणा आणि भुसा वेगळा करायचा, हे तिचं काम. तीन पायांच्या उंच तिपाईवर ती उभी राहायची. खालून कुणीतरी भरलेलं सूप द्यायचं, ती ते डोक्याच्या वर धरून हळूहळू हलवायची. दाणा सरळ पायाशी, भुसा पलीकडे. मळणीची यंत्रं तेव्हा आली होती, पण मालकांच्या घरच्या म्हाताऱ्या आबांना यंत्राचा दाणा आवडायचा नाही, फुटतो म्हणायचे. वारा पडला की सगळं खळं थांबायचं. माय मग चिमूटभर भुसा हात उंच करून सोडायची आणि तो कुठे जातो ते बघत राहायची. खळ्याच्या मधल्या खांबाच्या टोकाला तिच्या लुगड्याची एक चिंधी बांधलेली असायची. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून ती हलकी शीळ घालायची, वारं यावं म्हणून. बाईमाणसाने शीळ घालणं बरं दिसत नाही म्हणून मी लहानपणी तिच्यावर चिडायचो.

जहाजावर शीळ घालायला मनाई असते. वादळ येतं म्हणतात. हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती केवढी खूश झाली. “मंजी त्यांनाबी ठाव हाय,” म्हणाली.

तेव्हापासून तिचा पहिला प्रश्न बदलला. आधी असायचा, जेवलास का? आता असायचा, आज वारं कुठनं हाय? मी सांगायचो, उजवीकडनं हाय माय. ती म्हणायची, बराबर हाय, चालू दे. जणू तिच्या परवानगीशिवाय आमचं जहाज अडलं होतं. मी हसायचो, पण रोज खाली इंजिनात जाण्याआधी वर येऊन वारा बघून ठेवायला लागलो, ती विचारील म्हणून.

उपणणाऱ्यांना मजुरी दाण्यात मिळायची. शिवाय काम संपल्यावर खळ्यावर जे उरतं, माती, खडे, चेंगरलेले दाणे, ते झाडून घरी न्यायची मुभा असायची. त्याला मातेरं म्हणतात. मातेऱ्याचं पोतं डोक्यावर घेऊन गावाच्या मधल्या रस्त्याने मला आमच्या वस्तीकडे यावं लागायचं. मालकांचा नातू माझ्या वर्गात होता. पोतं घेऊन जाताना त्याने मला पाहिलं की दुसऱ्या दिवशी शाळेत दारातच ओरडायचा, “मातेरं आलं.” पोरं हसायची. हे चौथीपासून सातवीपर्यंत चाललं. त्याच्या दृष्टीने ती गंमत होती. तोच नातू आता गावचा सरपंच आहे, आणि फ्लेक्स त्यानेच लावला होता.

आता अडचणीचं सांगतो. एका फेरीत आमचं जहाज माल घेऊन निघालं तेव्हा वारा उजवीकडून होता, आणि खांबांनी छान काम केलं. तेल वाचलं, कंपनी खूश. परतीच्या वाटेला वारा डावीकडून आला, जोर तेवढाच. खांब फिरत होते, पडद्यावर सगळं हिरवं, सगळं ठीक, आणि तेल मात्र जसंच्या तसं जळत होतं. वाचणं शून्य. कंपनीचे ईमेल रोज यायला लागले. वरचे, म्हणजे जहाज हाकणारे, म्हणायचे इंजिनात दोष आहे, खालचे म्हणायचे खांबांत आहे, आणि मी खालच्यांतला असल्यामुळे सगळं खापर माझ्या डोक्यावर. मी मोटारी तपासल्या, बेअरिंग तपासली, इंजिनाचे पंप उघडले. तीन आठवडे गेले. माझी चिडचिड व्हायला लागली, आणि घरी फोन केला की मी मायवरच चिडायला लागलो.

एका दुपारी डेकवरून तिला व्हिडिओ कॉल केला. तिने नेहमीचं विचारलं. मी म्हणालो, वारं डावीकडनं हाय आणि त्याचा काय उपयोग न्हाई, जाताना चांगलं होतं, आता काहीच चालत न्हाई.

“जाताना चाललं अन् येताना न्हाई?” ती म्हणाली. “वारं तर तेच हाय. ते वारं बघायचं यंत्र कुठंय तुमचं?”

मी वैतागून फोन वळवला. पुढच्या खांबाच्या शेजारी एक बारीक डोलकाठी आहे, तिच्यावर ते यंत्र.

ती फोनमध्ये डोळे घालून बघत राहिली. मग म्हणाली, “खांबाच्या उजव्या अंगाला हाय की रे ते. उजवीकडनं वारं आलं तर ते मोकळ्यात. डावीकडनं आलं की मधी खांब येतंय. आडोशाला वारं घोळतंय, माज्या राजा. कडब्याच्या गंजीमागं उभं ऱ्हाऊन वारं बघतंय व्हय कुणी? एक चिंधी बांध अन् बग.”

मी म्हणालो, “माय, इथं कॉम्प्युटर हाय.”

“आसू दे की. चिंधी बांधायला काय जातंय तुझं?”

इंजिनात पुसायला जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातला एक सदरा फाडला आणि डेकवर सहा ठिकाणी चिंध्या बांधल्या. खलाशी बघून हसत होते. मोकळ्या जागेतल्या पाच चिंध्या एकाच दिशेने ताठ उभ्या राहिल्या. सहावी, यंत्राच्या खालची, स्वतःभोवती गोल फिरत होती. कधी पुढे, कधी मागे. तीन आठवडे आमचा कॉम्प्युटर त्या वेड्या वाऱ्याचं ऐकत होता आणि चारही खांब त्या हिशोबाने फिरवत होता. मी तिथेच लोखंडी डेकवर बसलो आणि मोठ्याने हसलो.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मी फोटो काढले, अहवाल लिहिला. पुढच्या बंदरात कंपनीचे तज्ज्ञ आले, त्यांनी यंत्र उंचावर आणि मोकळ्यात नेलं, आणि डावीकडच्या वाऱ्यानेही तेल वाचायला लागलं. अहवालात मी लिहिलं की फिरत्या खांबामागे हवेचा प्रवाह अस्थिर होतो असं आढळून आलं. कुणाला आढळलं हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कंपनीने मला अभिनंदनाचं पत्र दिलं. माझ्या चुलत भावाने ते पत्र व्हॉट्सॅपवर टाकलं, तिथून ते सरपंचाकडे गेलं, आणि मी सुट्टीवर येईपर्यंत देवणीच्या मंगल कार्यालयात सत्कार ठरून गेला होता.

मायला मी सांगितलं होतं, तुझं बराबर निघालं म्हणून. ती म्हणाली, “खरं?” आणि मग पुन्हा, “खरं का रे?” तिने ते गावात कुणालाच सांगितलं नाही. म्हातारी फुशारकी मारतीय म्हणतील, अशी तिची भीती होती. ते मीच सांगायचं, असं तिच्या मनात होतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी तिने निळ्या काठाची पांढरी साडी काढली. ती साडी ती विहारात आणि जयंतीलाच नेसते. मी आरशासमोर टाय बांधत होतो. ती मागे येऊन उभी राहिली.

“तिथं सांगशील न्हव, चिंधीचं?”

“हाव माय. सांगतो.”

“माझं नाव नको घेऊ. खळ्यावरची एक बाई मनलास तरी चालतंय. नुसतं इतकं सांग, की वारं आडोशाला बघू न्हाई हे खळ्यावर ठाव व्हतं. मालकाच्या घरची समदी यायलीत. त्यांच्याच खळ्यावर शिकले म्या. त्यांनी ऐकलं पायजे.”

आयुष्यात तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. पैसे पाठवले तर ती ठेवून द्यायची, साडी आणली तर पुढच्या वर्षी नेसायची. हे एक मागितलं.

अकराचा कार्यक्रम एकला सुरू झाला. फेटा, शाल, नारळ. सरपंच बोलला, आम्ही एका बाकावर बसायचो म्हणाला. आम्ही एका बाकावर कधीच बसलो नव्हतो. परिस्थितीवर मात केली वगैरे म्हणाला, पण कुठली परिस्थिती ते बोलला नाही, आणि त्याबद्दल मला त्याचे आभारच वाटले. मग मला माईक दिला. मी जहाज समजावून सांगितलं, खांब सांगितले, फिरकीच्या चेंडूचं उदाहरण दिलं. लोक कान देऊन ऐकत होते. मग मी अडचणीपाशी आलो. तीन आठवड्यांची चिडचिड सांगितली. कसलं रंगवून सांगितलं मी, मलाच नवल वाटलं. आणि त्या भरात समोर बघितलं.

पहिल्या रांगेत मालकांच्या घरची माणसं होती, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्या मागे कॉलेजचे प्राचार्य, तालुक्यातले डॉक्टर. सगळे माझ्याकडे मान वर करून बघत होते. मी खाली बघत होतो, ते वर बघत होते, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. आता खळं म्हटलं, चिंधी म्हटलं, की हे सगळे त्या मधल्या रस्त्यावर जातील आणि डोक्यावर पोतं घेतलेलं पोरगं त्यांना दिसेल, असं माझ्या डोक्यात आलं. एवढंच आलं, दुसरं काही नाही.

“मग एके दिवशी मी डेकवर उभा होतो,” मी म्हणालो, “आणि एकदम माझ्या लक्षात आलं.”

टाळ्या पडल्या. मी बसायला वळलो तर प्राचार्य उभे राहिले. त्यांनी विचारलं, “सर, एवढ्या तज्ज्ञांना जे दिसलं नाही, ते तुम्हाला सुचलं कसं?”

मी मायकडे बघितलं. तिसऱ्या रांगेत बायकांच्या बाजूला बसली होती. तिने पदर सावरला, पाठ सरळ केली आणि हात मांडीवर ठेवले. तिला वाटलं, आता सांगतोय.

“प्रशिक्षणात हवेच्या प्रवाहाचा अभ्यास असतो, सर,” मी म्हणालो. “त्याचा उपयोग झाला.”

पुन्हा टाळ्या. मायनेही वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून.

इथवर थांबलं असतं तरी एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं. पण आपल्याकडे सत्कार होणाऱ्याच्या आईला साडीचोळी केल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. सरपंचाने तिला स्टेजवर बोलावलं, “मावशी, या की वर,” म्हणाला. त्याच्या बायकोने तिला साडीचोळी दिली, कुंकू लावायला बोट पुढे केलं, मायने हात जोडून नको म्हटलं. मग सरपंचाने माईक तिच्या तोंडापुढे धरला. “पोराबद्दल दोन शब्द बोला, मावशी.”

आता ती सांगणार. तिने सांगितलं असतं तर ते खरंच होतं, आणि तिचा तो हक्कही होता. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर तिला काय दिसलं ते मला माहीत नाही. भीती दिसली असणार. लहानपणी ती भीती तिने बऱ्याचदा पाहिली होती.

“म्या काय बोलू,” ती माईकात म्हणाली. “त्याचं त्यालाच समदं येतंय. आमाला काय कळतंय त्यातलं.”

लोक कौतुकाने हसले. किती साधी माऊली, असं कुणीतरी म्हणाल्याचं मी ऐकलं. आणि मीही, फेटा बांधलेला, शाल पांघरलेला, हसलो.

नांदेडच्या आमच्या घरी परतताना गाडीत माझी बायको शेजारी होती. ती मुदखेडची, तिचे वडील रेल्वेत होते. तिला चिंधीची सगळी गोष्ट माहीत होती, त्या दिवशीच मी तिला फोनवर सांगितली होती. उदगीर मागे पडल्यावर तिने विचारलं, “आईंना आजवर कधी खोटं बोलताना ऐकलंय तुम्ही?”

मी पुढच्या ट्रकला हॉर्न दिला.

“आज बोलल्या. तुमच्यासाठी.”

मी तिच्यावर ओरडलो. तुला काय कळणार, तू क्वार्टरमध्ये वाढलीस, तुला कुणी दारात उभं राहून मातेरं म्हटलेलं नाही, असं बरंच काही बोललो. ते सगळं खरं होतं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीने तिच्या प्रश्नाचं उत्तर होत नव्हतं. तिने खिडकीची काच खाली केली. पुढचा सगळा रस्ता वाऱ्याच्या आवाजात गेला.

जहाजावर परत आलो. फोन पहिल्यासारखेच चालू राहिले. माय विचारायची, जेवलास का, तब्येत बरी हाय न्हव, पोरं काय करायलीत. वारं कुठनं हाय, हे ती विचारेना. आठ दिवस मी वाट बघितली. मग एकदा आपणहून म्हणालो, “माय, आज वारं डावीकडनं हाय. लई जोरात हाय.”

“तुमचं यंत्र सांगत आसंल की,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी केलं असतं, समजूत घातली असती. तिने एक गोष्ट माझ्या हातात दिली होती, ती शांतपणे परत घेतली, आणि मला मागता येईना. जहाजावरच्या त्या आठ महिन्यांत मी रोज डेकवर जाऊन वारा बघायचो. सवयच लागली होती. बघून खाली इंजिनात जायचो, सांगायला कुणी नव्हतं.

या वर्षी तुरीच्या काढणीच्या सुमारास सुट्टी मिळाली. मी ठरवून आलो होतो. पहिल्याच दिवशी मायला म्हणालो, जयंतीला विहारात मला बोलायला सांगतायत, तिथं मी सगळं सांगतो, तुझ्या नावासकट.

ती चुलीपाशी भाकरी थापत होती. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. “आपल्यात सांगून काय करतूस?” म्हणाली. “आपल्यातल्या समद्यांनीच उपणलंय. त्यांना ठावच हाय.”

तिचं बरोबर होतं. विहारात सांगणं सोपं होतं म्हणूनच मी ते निवडलं होतं. तिथे टाळ्या मिळाल्या असत्या, आणि मन हलकं झालं असतं माझं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सरपंचाकडे गेलो. त्याचं बियाण्या-खतांचं दुकान आहे. त्याने चहा मागवला, ‘कॅप्टन साहेब’ म्हणाला. मी आधी ते दुरुस्त केलं, मी इंजिनिअर आहे म्हणून सांगितलं. मग चिंधीचं सांगितलं, सुरुवातीपासून. तो काय म्हणेल, कसा हसेल, याची उत्तरं मी वर्षभर मनात तयार ठेवली होती.

“मावशीनं सांगितलं व्हय?” तो म्हणाला. “मग तवाच बोलायचं की गड्या. आमचे आबा मनायचे, ती बाई खळ्यावर आसली की वाऱ्याची फिकीर न्हाई. दुसरीकडं जाऊ नको मनून निरोप धाडायचे तिला. अन् तू ते मातेऱ्याचं पोतं घेऊन जायचास, आटवतंय का? केवढंसं व्हतास.” तो हसला, मनापासून, आठवणीने हसतात तसा. त्याला शाळेचं दार आठवत नव्हतं. “सांग की पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी,” म्हणाला. पंधरा ऑगस्टला मी समुद्रात असणार होतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी चहा संपवून बाहेर आलो. ज्यांच्यापासून मी लपवत होतो, त्यांना सगळं ठाऊक होतं. खळं, उपणणं, पोतं, सगळं. त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेल्या एकेका माणसाने तिला तिपाईवर उभं असलेलं पाहिलेलं होतं. त्यांना फक्त एकच गोष्ट माहीत नव्हती, आणि नेमकी तीच तिला त्यांच्या कानावर घालायची होती. मी झाकलं ते तेवढंच.

घरी आलो तेव्हा माय अंगणात होती. कुणाच्या तरी शेतातून घरापुरती आणलेली तूर काठीने बडवून ढीग केला होता, आणि ती सूप घेऊन उभी होती. आता तिपाई नाही, गुडघे धरतात म्हणून जमिनीवरच उभी राहते. मी पश्चिमेच्या बाजूला दगडी पायरीपाशी, तिच्या अगदी जवळ उभा राहिलो.

“सरपंचाला सांगून आलो,” मी म्हणालो. “समदं सांगितलं.”

“कुठं?”

“त्याच्या दुकानात.”

“कोण कोण व्हतं?”

“तो अन् मी.”

“हं,” ती म्हणाली.

तिने चिमूटभर भुसा घेतला, हात उंच केला आणि सोडला. भुसा सरळ तिच्या पायाशी पडला. तिने वर पाहिलं. पलीकडच्या लिंबाची पानं हलत होती. पुन्हा एक चिमूट सोडली, तीही सरळ खाली आली.

“माय, माझं चुकलं,” मी म्हणालो. “लई चुकलं.”

तिने माझ्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत.

“सरक जरा तिकडं,” ती म्हणाली. “वारं अडवायलास.”

मी बाजूला झालो, आणि तिच्या सुपातला भुसा उडायला लागला.